जुना प्लग फेकण्याआधी

मारुती ८०० च्या इंजिनात स्पार्क प्लग तीन असतात. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, तीन प्लग. जुने काढायचे आणि नवे बसवायचे एवढंच काम असेल, तर हात बसलेला माणूस ते चहा येईपर्यंत उरकतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजात मात्र या कामाला निम्मी सकाळ जाते आणि गिऱ्हाईकही ती जाऊ देतं. तिथले मेस्त्री प्लग काढायला घेतात तेव्हा नवे प्लग खोक्यातून बाहेर आलेले नसतात. कधीकधी तर ते आणलेलेही नसतात.

काढलेले प्लग ठेवायला त्यांच्याकडे सागवानाची एक हातभर फळी आहे. तिला ओळीने भोकं पाडली आहेत आणि प्रत्येक भोकाखाली खिळ्याने आकडा कोरला आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग पहिल्या भोकात, दुसऱ्याचा दुसऱ्यात. प्लगच्या जाड वायरींनाही काढण्याआधी चिकटपट्टी लावून आकडे घालायचे. काम शिकायला आलेल्या पोराने प्लग काढून डब्यात टाकले, की मेस्त्री हातातलं काम थांबवून म्हणतात, "कुठनं काढलास ते इसरलास, तर काढून उपेग काय रं?"

यामागचं कारण सरळ आहे. प्लगचं टोक सिलिंडरच्या आत, जिथे पेट्रोल पेटतं तिथेच असतं. इंजिन न खोलता, एका पान्याने, तिथून बाहेर काढता येईल असा जवळजवळ तो एकच भाग. गेल्या हजारो किलोमीटरमध्ये आत काय घडलं त्याचा रंग, थर आणि झीज त्या टोकावर उतरलेली असते. नवा प्लग घातला की गाडी बहुतेक वेळा सुधारते आणि खरी अडचण इथेच सुरू होते. कोरा प्लग खराब परिस्थितीतही काही आठवडे ठिणगी पाडत राहतो. मूळ दुखणं तेवढे दिवस झाकलं जातं आणि जुना प्लग, ज्याने ते सांगितलं असतं, तोपर्यंत भंगारात गेलेला असतो.

मेस्त्रींचं शिक्षण कुर्ल्याचं. मिसरूड फुटायच्या आत ते मामांच्या ओळखीने मुंबईला गेले आणि टॅक्सीच्या गॅरेजात लागले. प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००. कुर्ल्याच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, चार प्लगांची. टॅक्सी दोन पाळ्यांत चाले. इंजिन धड थंड होत नसे आणि महिन्याकाठी जमणारे किलोमीटर घरगुती गाडीला वर्षात जमत नसत. त्यामुळे प्लग सारखे हाताखालून जायचे. तेव्हा डोळा तयार झाला तो शिसं असलेल्या पेट्रोलवर. इंजिन नीट चालत असेल तर प्लगच्या चिनी मातीच्या नाकावर पिवळसर तपकिरी थर असायचा. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभरातच शिसं बंद झालं. प्लगचा रंग फिका, करड्याकडे झुकणारा निघू लागला. मुरलेल्या मेकॅनिकांनाही तेव्हा वाटलं की पेट्रोल कमी पडतंय, आणि काहींनी चांगले चाललेले कार्बोरेटर उगाच उघडले. पुढे मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. गॅसमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगचा गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, कमी करावा लागला. इंधन बदललं की प्लगची भाषा बदलते, हे मेस्त्रींनी तिथे दोनदा अनुभवलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. मेस्त्री त्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात परतले होते. येताना हत्यारांची पेटी आणली आणि ती फळी.

प्लगचं नाक किती तापतं यावर सगळं अवलंबून असतं. ते साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिलं तर काजळी साठत जाते. काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहते, मग ठिणगी पडण्याऐवजी करंट चिनी मातीवरून सरकत धातूच्या अंगात उतरतो आणि सिलिंडर गप्प बसतो. उलट तापमान साडेआठशेच्या आसपास किंवा वर गेलं, तर ठिणगीची वाट न बघता पेट्रोलच तापलेल्या टोकामुळे पेटू लागतं. ते पिस्टनला झेपत नाही. या दोन टोकांमध्ये प्लगला जगायचं असतं. घरापासून मंडई आणि मंडईपासून घर एवढीच फिरणारी गाडी पहिल्या टोकाला अडकते. चोक ओढून सुरू होते, तापायच्या आत बंद होते आणि तिचे तिन्ही प्लग कोरड्या, मखमली काळ्या काजळीने भरतात. अशा गाडीच्या मालकाला मेस्त्री नवे प्लग देत नाहीत. जुनेच पुसून बसवतात, चोकची केबल पूर्ण मागे जाते का ते बघतात आणि सांगतात, "रविवारी जोतिबाला जाऊन या. चढाला गाडी तापू द्या जरा."

पण तिन्ही प्लग सारखे नसतील तर गोष्ट वेगळी होते. फळीचा खरा उपयोग इथेच.

एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांची १९९६ ची मारुती घेऊन आले होते. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की गाडी थोडा वेळ मिसिंग मारायची, मागून निळसर धूर यायचा, मग सगळं सुरळीत. दुसऱ्या एका गॅरेजात दर खेपेला प्लग बदलून दिले जात होते आणि दर खेपेला महिना-दीड महिना बरा जात होता. सर घाईत होते.

"मेस्त्री, प्लग मी घेऊनच आलोय. तेवढे टाकून द्या."

"टाकू की सर. आधी जुनं काय म्हणत्यात बघू तर द्या."

पहिला आणि तिसरा प्लग करडा-तपकिरी, कोरडा. दुसरा काळा, ओला, चकाकणारा. मेस्त्रींनी तो नाकाशी धरला. पेट्रोलचा वास नव्हता. बोटाला लागलेला ओलावा उडूनही गेला नाही, म्हणजे ते तेल होतं. तिन्ही सिलिंडरला पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर एकच, त्यामुळे दोष त्याच्यात असता तर तिन्ही प्लग काळे निघाले असते. एकच काळा, म्हणजे दुखणं त्याच सिलिंडरचं. रिंगा गेल्या असतील का? कॉम्प्रेशनचं मीटर लावून पाहिलं तर दुसऱ्या सिलिंडरचा दाब इतर दोघांच्या बरोबरीचा. शिवाय धूर फक्त सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. तेव्हा उरली वॉल्व्हची सील. रबर कडक झालं की वरचं तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून रात्रभर थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी प्लग त्यात न्हालेला असतो. सरांनी आणलेले प्लग त्या दिवशी खोक्यातच राहिले. हेड उतरवून सील बदलली तेव्हा ती बोटांत चुरली जात होती. रिंग-पिस्टनच्या कामाच्या मानाने हा खर्च फारच किरकोळ. दुसरा प्लग वेगळा ओळखता आला नसता, तर सरांना तो मोठा खर्चच कुणीतरी सांगितला असता.

असं वाचण्याला मर्यादाही आहेत आणि मेस्त्री त्या पाळतात. चोक ओढून गाडी आत घेतली आणि लगेच प्लग काढला तर तो काळाच दिसणार. त्यातून कार्बोरेटरबद्दल काही ठरवता येत नाही. चिनी मातीच्या बाहेरच्या भागावर, धातूला लागून, कधी तपकिरी कडं दिसतं. नवखा माणूस म्हणतो की प्लगमधून कॉम्प्रेशन लीक होतंय. तसं नसतं. जास्त व्होल्टेजमुळे आजूबाजूचे तेलाचे कण मातीला चिकटून तो डाग पडतो आणि त्याने काही बिघडत नाही.

प्लग काढणं ही हाताची परीक्षा. मारुतीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, गरम इंजिनात जोर लावला तर ते प्लगबरोबर निघून येऊ शकतात. म्हणून इंजिन गार होईपर्यंत पान्याला हात नाही. त्याआधी प्लगभोवतीचा खळगा हवेने साफ करायचा. तिथे रस्त्याची वाळू साठलेली असते आणि प्लग निघाल्याबरोबर ती सिलिंडरमध्ये पडू शकते. वायर ओढताना तिच्या टोकाच्या रबरी बुटाला धरायचं, वायरीला नाही. पाना लावल्यावर पाव फेरा सैल करायचा, कर्रकर्र वाजलं तर थांबायचं, दोन थेंब पातळ तेल सोडायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा सैल करायचं. या टप्प्यावर मेस्त्री कुणाशी बोलत नाहीत.

बसवताना ते पाना आधी हातातच घेत नाहीत. प्लगच्या वरच्या टोकाला वीतभर रबरी नळी अडकवतात आणि नळीनेच प्लग फिरवतात. आटे वाकडे लागले तर नळी प्लगवर घसरते, जोर लागतच नाही. चौदा मिलिमीटरचा आटा हाताने शेवटपर्यंत गेला आणि वायसर टेकला, की मग पाना. नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो, कारण वायसर चेपायचा असतो. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वायसर आधीच चेपलेला असतो, तेव्हा किंचित ओढ पुरे. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस फासायचं नाही. त्याने आटा इतका सहज फिरतो की हाताला न कळता जास्त आवळला जातो. उद्यमनगरात गेलेले आटे दुरुस्त करून देणारे लेथवाले शेजारीच आहेत, नवा आटा बसवून देतात आणि तो टिकतोही. पण आपण आवळलेला प्लग घेऊन कुणाला त्यांच्याकडे जावं लागू नये, हा मेस्त्रींचा मानाचा मुद्दा आहे.

गॅपबद्दल लोक बेफिकीर असतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला दीड हजार ठिणग्या पाडतो. तासाला नव्वद हजार. प्रत्येक ठिणगी निकेलचा सूक्ष्म अंश उडवते. गॅप हळूहळू वाढतो आणि मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल होतात. वीज धारेवरून सहज उडी मारते, गोल कडेवरून तिला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे झिजलेला प्लग कॉइलवर दोन्ही बाजूंनी ताण आणतो. जुन्या मारुतीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप लागतो. झिजलेल्या प्लगमध्ये चपटं फिलर गेज घातलं तर ते दोन उंचवट्यांवर टेकतं आणि मधला खड्डा मोजतच नाही, म्हणून मेस्त्री तारेचं गोल गेज वापरतात. गॅप कमी करायचा तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलकेच ठोकायचा. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन काहीही उचकटायचं नाही. मातीला गेलेला केसाएवढा तडा डोळ्याला दिसत नाही, आणि पुढे तो प्लग कधी चालतो, कधी चालत नाही. साधा निकेलचा प्लग पंधरा ते वीस हजार किलोमीटरनंतर बदललेला बरा. तोपर्यंत पुसून, गॅप बसवून तो खुशाल वापरावा.

नवे प्लग घेताना अंगावरचा आकडा वाचावा लागतो. तो आकडा प्लग किती उष्णता इंजिनाच्या अंगात सोडतो ते सांगतो. मातीचं नाक लांब असेल तर उष्णता सावकाश बाहेर पडते, त्याला गरम प्लग म्हणतात. आखूड नाकाचा थंड. घोळ असा की एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो आणि बॉशच्या पद्धतीत आकडा वाढला की गरम. बॉशची भारतातली कंपनी १९५१ पासूनची. तिचं मायको हे नाव २००८ मध्ये बदललं, तरी काउंटरवर आजही मायको प्लगच मागितला जातो. एका कंपनीच्या पाच नंबरऐवजी दुसरीचा पाच नंबर मागणाऱ्याला भलताच प्लग मिळतो. दुकानदाराचा तक्ता बघूनच घ्यावा. नकली मालही बाजारात असतो. अक्षरं नखाने खरवडली की निघतात, वायसर सैल असतो, मधला आणि बाहेरचा इलेक्ट्रोड एका रेषेत नसतात. मेस्त्री असे प्लग उजेडाकडे धरून गिऱ्हाइकाला दाखवतात आणि परत करायला लावतात.

हातात धरून ठिणगी बघण्याच्या चालीवर त्यांचा विशेष राग आहे. प्लग वायरीला लावायचा, अंग इंजिनाला टेकवायचं, स्टार्टर मारायचा, निळी ठिणगी दिसली की प्लग चांगला. ही परीक्षा अर्धीच आहे. बाहेर हवा साधी असते, सिलिंडरमध्ये ती आठ-नऊ पट दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर झकास दिसणारा प्लग आत जाऊन मुका होऊ शकतो. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना जवळ ठिणगी पाडणं धोक्याचं.

पावसाळ्यात एक वेगळंच दुखणं येतं. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलेली गाडी धुक्यात झटके खायला लागते, ऊन पडलं की नीट चालते. प्लग काढले तर टोकं तिन्ही निरोगी. पण एका प्लगच्या पांढऱ्या मातीवर वरून खाली उतरलेली पेन्सिलने ओढावी तशी काळी रेघ. बुटाच्या रबराला भेग गेलेली, तिच्यात ओल शिरलेली, आणि करंट आत जायच्या ऐवजी बाहेरून मातीवरून घसरलेला. इथे प्लग आणि वायर दोन्ही बदलावे लागतात. नुसता प्लग बदलला तर नव्यावरही तशीच रेघ उमटते. डिस्ट्रिब्यूटरची कॅपही त्याच वेळी उघडून कोरडी करायची आणि आत असेच माग पडलेत का ते बघायचं.

हे काम घरी करावं का, असं बरेच जण विचारतात. मेस्त्रींचं उत्तर चक्क होकारार्थी आहे. प्लग पाना, टॉमी, तारेचं गेज, रबरी नळी आणि चांगला उजेड एवढ्यावर होण्यासारखं हे काम आहे, आणि गाडीमालकाने वर्षातून एकदा तरी स्वतःच्या इंजिनाचे प्लग पाहावेत असं त्यांना मनापासून वाटतं. या लेखकालाही ते पटतं. बजावतात ते एकच: चालू इंजिनाची वायर उपटून सिलिंडर तपासायची जुनी चाल कार्बोरेटर-पॉइंटच्या गाडीपुरतीच, तीही जाणत्याने करायची. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आलेल्या मारुतीत तसं केलं, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जळून जातो.

अलीकडे गॅरेजात येणाऱ्या जुन्या गाड्यांची एक तक्रार सारखी आहे. पिकअप कमी, ॲव्हरेज कमी, इंजिन गरम. दोष दिला जातो तो इथेनॉलला. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय घरचाच, कारण इथेनॉल आपल्या उसातूनही निघतं. कागलकडचे एक ऊस उत्पादक कार्बोरेटरची मारुती घेऊन आले तेव्हा तेच म्हणाले. प्लग काढले तर नाकं खडूसारखी पांढरी. मेस्त्रींनी हिशेब मांडला. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. पण कार्बोरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं, त्याला इंधन बदललेलं कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडतं. फिका रंग यायलाच हवा होता. मात्र तिसरा प्लग बाकीच्या दोघांपेक्षा जास्त पांढरा होता, आणि इथेनॉल काही एकाच सिलिंडरला वेगळं वागवत नाही.

मग त्यांनी ब्रेकच्या बूस्टरपासून चोकच्या डायफ्रामपर्यंत मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक नळी हाताने वाकवून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूची नळी कडक होऊन तोंडाशी फाटली होती आणि तिथून फुकटची हवा आत जात होती. नळ्या बदलल्या, कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदललं, टाकीपासूनच्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. नव्या प्लगांसह गाडी महामार्गावर कागलपर्यंत एका वेगात नेली, रस्त्याच्या कडेला क्लच दाबून तिथल्या तिथे बंद केली आणि गार झाल्यावर प्लग काढले. तिन्ही सारखे, फिके करडे. मेन जेट एक नंबर मोठं घालायचं का, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. शेतकरी दादांना घालायचं होतं. मेस्त्री म्हणाले, आधी हजार किलोमीटर चालवा, प्लग परत बघू, मग ठरवू.